सणाआधीच्या सह्या

इनास अल-बद्री संचालक झाल्या त्या दिवशी मनोरुग्णालयात वाटलेले लाल सरबत डॉ. शौकी यांनी उभ्याउभ्या एका घोटात संपवले. उपसंचालकपदावर त्यांची अकरा वर्षे गेली होती, आणि ही बाई एके काळी त्यांच्याच हाताखाली रुग्णाची हकिगत लिहायला शिकली होती.

"तोंड असं का केलंत, डॉक्टरसाहेब?" परिचारिकाप्रमुख तहानी म्हणाली. "सरबत कडू झालं का?"

"साखर जास्त पडलीय."

"आमच्यासारखंच प्यायलात की तुम्ही. आम्हाला बरं लागलं."

तेव्हापासून शौकींचे लक्ष नको तिथे जाऊ लागले. फाटकावरचा म्हातारा इनाससाठी खुर्चीतून उठतो आणि आपल्यासाठी नुसता हात कपाळाला लावतो. वॉर्डातले रुग्ण तिला नावाने सलाम करतात आणि आपल्याला गोळ्यांबद्दल विचारतात. या गोष्टी ते मनात जपून ठेवत, आणि तिचा पाय कधी घसरतो याची वाट पाहत. तो घसरला तर ती खुर्ची आपलीच, याविषयी त्यांना शंका नव्हती.

ईदनंतर ती वेळ आली. अब्दुलगनी नावाच्या इस्त्रीवाल्याला सणाच्या दुसऱ्या दिवशी पलंगाला बांधले, आणि तो सतरा तास बांधलेलाच राहिला. पट्ट्याखाली शीर दबली व उजवा पंजा मनगटापासून लुळा पडला. रुग्णाला बांधायचे तर दर दोन तासांनी डॉक्टरने स्वतः पाहून नवा कागद करावा, असा नियम होता; परंतु या रुग्णालयात त्याची एक जुनी सोय होती. ईदच्या आदल्या दिवशी शौकी कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवीत, म्हणजे घरी कहक, म्हणजे ईदची गोड बिस्किटे, खाताना कोणी बोलावू नये. परिचारिका नाव आणि वेळ भरीत. सही म्हणजे एक वेडावाकडा फराटा, आणि त्याखाली छापलेले असे : संचालकांच्या वतीने.

कैरोहून चौकशी समिती आली. अब्दुलगनीची बहीण एतिदाल भावाचा पंजा स्वतःच्या तळहातावर ठेवून समोर बसली होती.

"त्याचं पोट या हातावर होतं, बेटा," ती अध्यक्षांना म्हणाली. "आता इस्त्रीला शर्टाची कॉलर धरता येत नाही त्याला. मी शहाणा करायला आणला होता, थोटा करायला नाही."

अध्यक्षांनी कागद वर धरला. "हा फराटा कोणाचा?"

तहानीने मान खाली घातली. शौकी स्वस्थ बसले. कागद संचालकांच्या नावाने निघाला होता, त्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी आपल्याकडे नाहीच, असे त्यांनी धरले होते. आता ही बाई चाचरेल, परिचारिकांवर ढकलील, मंत्रालयाकडे बोट दाखवील. ते दृश्य त्यांनी कितीदा तरी मनातल्या मनात पाहिले होते.

इनास उभ्या राहिल्या. "सही कोणाची ते नंतर बघा. कागद माझ्या नावानं निघतो. पहिल्याच महिन्यात या आगाऊ सह्या मी पाहिल्या होत्या. म्हटलं, ईद होऊन जाऊ दे, वडीलधाऱ्यांना आत्ताच कशाला दुखवायचं? मी तेव्हाच थांबवलं असतं तर यांचा हात शाबूत असता. मला माफ करा, एतिदालताई. चूक माझी आहे."

एतिदाल रडली नाही. पण इतक्या वेळात प्रथमच तिने कोणाकडे तरी माणसाकडे पाहावे तसे पाहिले. ती नजर शौकींच्या काळजात सुईसारखी शिरली. खुर्ची गेली, सलाम गेले, आणि आता आपला अपराधही ही बाई आपल्यादेखत घेऊन चालली होती! त्या सतरा तासांतले नऊही कागद आपले, आणि तरी या खोलीत आपण कोणीच नाही, हे त्यांना सोसवेना.

"सही माझी आहे," ते जवळजवळ ओरडलेच. "गठ्ठाच्या गठ्ठा मीच सह्या करतो. अकरा वर्षं! यांना काय माहीत?"

आपण हे प्रामाणिकपणाने बोललो नाही, हे त्यांना स्वतःला पक्के ठाऊक होते. खोली त्यांच्याकडे वळली. एतिदालनेही पाहिले, पण तिच्या डोळ्यांत मघाचे काही नव्हते.

"अकरा वर्षं?" ती म्हणाली. "मग माझ्या भावाच्या आधी किती हात गेले, डॉक्टर?"

तो आकडा शौकींनी कधी विचारलाच नव्हता.

इनासनी त्यांचे आभार मानले नाहीत, त्यांची कीवही केली नाही. "चौकशी संपेपर्यंत तुम्ही वॉर्डात पाऊल टाकायचं नाही, डॉक्टर शौकी," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि जुने सगळे कागद काढून आपण दोघं एकेक नाव पाहणार आहोत. तुम्ही आणि मी. उद्या आठ वाजता."

आपण त्या खुर्चीत असतो तर काय केले असते, हा विचार शौकींच्या मनात आलाच. जुन्या सहकाऱ्याला पाठीशी घातले असते, कागद कपाटात ठेवले असते, आणि एतिदालला चहा पाजून वाटेला लावले असते. उत्तर चटकन मिळाले; इनासना असले उत्तर सुचलेच नसते, याचाही त्यांना मत्सर वाटला. "आठ वाजता," ते पुटपुटले आणि बसले.