एकमताने आठ

माणसाची जीभ कधी खोटं बोलत नाही, असं मी बिस्किटांच्या कारखान्यात चव तपासायला येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला बावीस वर्षं सांगत आलो. केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर माझीच जीभ उठल्या-बसल्या थापा मारू लागली. पाणी गंजलेलं, भात पुठ्ठ्याचा, आणि बायको जे काही रांधेल ते किल्ल्यांचा जुडगा चोखल्यासारखं.

"स्टीलचा चमचा नको, हा प्लास्टिकचा घ्या. लिंबू पिळू का थोडं?"

"माझ्या डोक्यावर पीळ!"

"पिळलं असतं. पण केस नाहीत, डोळ्यांत जाईल."

मेहुणा बघायला आला. म्हणाला, "भावजी, जीव वाचला. चवीचं काय घेऊन बसलात?" हा माणूस कुलपं विकतो. माझं पोट जिभेवर चालतं. मी ताट भिरकावणारच होतो, बायकोने वेळेवर काढून घेतलं.

सहावी फेरी संपली. चव परतायला काही महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले. मॅनेजरसाहेबांनी आठवडा दिला. "सोमवारी बसून बघा. नाही जमलं तर पॅकिंगमध्ये जागा आहे. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट नाही वाटलं. त्यांचा गळा आवळावासा वाटला.

सोमवारी लांब टेबलाशी आम्ही पाच जण बसलो. प्रत्येकापुढे बिस्कीट, पाणी आणि गुणांचा कागद. सहाच्या खाली गुण पडले की माल बाद. मी चावा घेतला. गंज आणि पुठ्ठा. शेजारी मावशी बसलेल्या. तपासणीत सगळ्यांत जुन्या. त्यांचं तोंड वाकडं झालं नाही, म्हणून मी आठ लिहिले.

दुपारी मिक्सरवाला धावत आला. "कोणी पास केला हा माल? साखर घालायचीच राहिलीय त्यात!"

मी उखडलो. "मावशी, तुमची जीभ तर शाबूत आहे ना?"

"आहे की. अगदी फिकं होतं."

"मग आठ कसे दिलेत?"

"तू दिलेस म्हणून! तुझ्या कपाळाला आठी पडली की पाच, नाही पडली की आठ. आम्ही चौघं पहिल्यापासून असंच लिहितो."

बाकीचे तिघे आपापल्या बुटांकडे बघत होते.

मी तणतणत साहेबांच्या खोलीत शिरलो. "मला काडीची चव लागत नाही. त्या चौघांना लागते, पण ते माझं कपाळ वाचतात. माल अडवा, आणि मला पॅकिंगमध्ये टाका."

साहेबांनी पाचही कागद शांतपणे चाळले. "सगळ्यांचे आठ आहेत. म्हणजे तुमची जीभ ठणठणीत आहे. उद्यापासून नेहमीसारखे या."

"अहो, साखर नाहीये त्यात!"

"एकमताने पास झालेला माल मी कशाला अडवू?"

माल दुकानांत गेला. एकही तक्रार आली नाही.