डाव्या बाकावर दोघं

शिडाची बोट जुनी, तिच्यातलं पेट्रोलचं इंजिन तिच्याहून जुनं, आणि टेलरमास्तरांचा जीव दोन्हींत अडकलेला. बायकोला मात्र ते एकदा शब्द देऊन बसले होते, की इंजिन बाहेर काढायची वेळ आली तर बोट विकायची. तेव्हा इंजिन गुणी बाळासारखं चालायचं. आता मागच्या नळीतून असा निळा धूर सोडायचं, की शेजारच्या बोटीवाले खोकतच बाहेर यायचे.

शेवटी बायकोने धाकट्या भावाला बोलावलं. इंजिन दुरुस्ती हा त्याचा धंदा, दाजींची टिंगल हा जोडधंदा.

त्याने इंजिन चालू करायला लावलं. धूर काळा असता तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा असता तर पाणी बघायचं, असं बडबडत त्याने नळीपुढे पांढरं फडकं धरलं. फडक्यावर तेलकट ठिपके उमटले.

"दाजी, हे ऑइल पितंय. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर इंजिन बाहेर काढावं लागेल."

मास्तरांना दिलेला शब्द आठवला. बायको गिऱ्हाइकासारखी बोटीवरून नजर फिरवू लागली.

मेहुण्याने एकेक प्लग काढून दाब मोजला. चारही सिलिंडर ठणठणीत, म्हणजे रिंगा शाबूत. त्याने डोकं खाजवलं. मग मधोमध उभं राहून ऑइल मापायची पट्टी ओढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर. तेच उडून जळत होतं. एवढं कोणी ओतलं म्हणून त्याने विचारलं.

मास्तर भडकले. दर रविवारी ते स्वतः मापायचे, दर वेळी कमीच भरायचं, म्हणून घालायचे. खोटं वाटत असेल तर बघ म्हणाले आणि नेहमीसारखे डाव्या बाकावर टेकले. बायको सवयीने उजेड धरायला हातातली बॅटरी घेऊन शेजारी बसली. दोघंही खात्यापित्या घरची. बोट मुकाट डावीकडे कलली. पट्टी इंजिनच्या उजव्या अंगाला, ऑइल गेलं डावीकडे. मास्तरांनी विजयी मुद्रेने पट्टी दाखवली. ऑइल कमी.

मेहुणा पट्टीकडे बघत राहिला, मग बाकाकडे.

"ताई, जरा समोर बस बरं."

ती समोर गेली. बोट सरळ झाली, आणि पट्टीवर ऑइल पुन्हा खुणेच्या वर. मेहुण्याला हसू आवरेना. इंजिन धडधाकट आहे, जास्त झालंय ते मालकांचं प्रेम आणि वजन, असं त्याने जाहीर केलं.

जास्तीचं ऑइल पंपाने काढलं. इंजिन थोडा वेळ अजून धुरकटलं, मग धूर विरळ होत गेला आणि नळीतून इंजिन थंड करणारं नुसतं स्वच्छ पाणी उडायला लागलं. मास्तर बायकोकडे चोरून बघत होते.

"बघताय काय? नाही विकत," ती म्हणाली. "पण आता दर रविवारी मी इकडे एकटी बसायचं का?"

"मापण्यापुरतंच गं."

"मापून झालंय," ती म्हणाली, आणि उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली.