हॉकीवाल्यांच्या सह्यांचा रुमाल

मी एक जुना रुमाल आहे. जुना आणि भित्रा. कुणी नुसती बादली उचलली, तरी माझ्या चारी टोकांना कापरं भरतं. हसू नका मित्रांनो. माझी हकीकत ऐकाल, तर तुम्ही मला नावं ठेवणार नाही.

माझा जन्म कुक्षीजवळच्या बाग या गावचा. तिथल्या छपाईवाल्यांनी लाकडी ठशांनी माझ्या काठांवर लाल-काळी वेलबुट्टी उठवली, नदीच्या वाहत्या पाण्यात मला धुतलं आणि उन्हात वाळवलं. मधला भाग मात्र कोरा ठेवला. तेव्हा पाण्याचं मला काहीच वाटत नसे. धारचे कारकून मोरोपंत कुक्षीच्या दौऱ्यावरून परतताना मला घेऊन आले आणि त्यांनी मला आपल्या लेकीच्या, कुसुमावतीच्या हाती दिलं.

त्या हिवाळ्यात धारला हॉकीचा एक पगारी संघ सामने खेळायला आला. खेळायचा पगार मिळतो, हे ऐकून आळीतल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. कुसुमावतीनं टांग्याच्या पडद्याआडून एकच सामना पाहिला आणि तिला वेडच लागलं. महूच्या छावणीतल्या मडमा खेळाडूंच्या सह्या वहीत गोळा करतात, असं तिच्या कानावर आलं होतं. हिनं त्याहून नामी गोष्ट योजली. सह्या शाईनं माझ्यावर घ्यायच्या आणि मग प्रत्येक अक्षरावरून रेशमाचे टाके घालायचे!

"अगं, चेंडूमागं धावणारी माणसं ती," तिचा थोरला भाऊ बापू म्हणाला. "त्यांच्या सह्यांची काय पूजा मांडणार आहेस?"

"दादा, महिन्याभरात माझं लग्न. तिकडे कुक्षीला सासरी कुठली आलीय हॉकी? मला माझं म्हणून एवढंच न्यायचंय."

बापूनं आणखी चिडवलं, पण मैदानावर मला नेलं. तिथे माझी पाचावर धारण बसली. टाक टेकला की मी चुरगळत होतो, शाई पसरत होती, आणि खेळाडूंच्या कपाळावरून घामाचे थेंब गळत होते. एकानं मोडीत सही केली, दुसऱ्यानं इंग्रजीत, गोलरक्षक रहमत खाँनं उर्दूत. सगळा संघ माझ्यावर उतरला तेव्हा मला केवढा अभिमान वाटला! पण शाई ती शाईच. टाके पडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

कुसुमावती रोज दुपारी टाके घालू लागली. चार सह्या उरल्या होत्या. त्या दिवशी ती हळदीकुंकवाला गेली आणि मी खुंटीवर लोंबत राहिलो. घरात तिची आत्या जानकीबाई होती. लहानपणीच विधवा झालेली, लाल अलवणातली, कडक सोवळ्याची. बाहेरून आलेली वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय ती घरात ठेवायची नाही. तिला सह्यांचं काही माहीत नव्हतं. रुमाल चामड्याच्या चेंडूच्या मैदानावर जाऊन आलाय, एवढं मात्र बापूच्या तोंडून तिनं त्याच दिवशी ऐकलं होतं. तिनं काठीच्या टोकानं मला उचललं आणि थेट घंगाळात बुडवलं.

मित्रांनो, ओरडायला मला तोंड नाही. काठांचे रंग जागचे हलले नाहीत, टाके घातलेली नावं तगली, पण उरलेल्या चारांची शाई निळा धूर व्हावा तशी पाण्यात मिसळून गेली.

कुसुमावती परत आली. मला उलगडून तिनं त्या चार रिकाम्या जागांवरून बोट फिरवलं.

"आत्या, हे काय केलंस गं?"

"काय केलं? धुतलं!" जानकीबाई म्हणाली. मग तिनं पोरीचा चेहरा पाहिला आणि ती वाकून मला निरखू लागली.

"रडतेस कशाला?" बापू म्हणाला. "उरलेली नावं मी लिहून देतो."

"ते अक्षर तुझं होईल, दादा. सही ज्याची त्यानंच करायची असते."

संघ तर सकाळीच देवासला गेला होता. तिथे शेवटचा सामना आणि मग जो तो आपापल्या गावी. जानकीबाई त्या रात्री जेवली नाही. पहाटे तिनं बापूला उठवलं. "लॉरीत दोन जागा बघ. देवासला जायचंय."

"टेकडीवरच्या देवीला भेटायला?"

"आधी हॉकीवाल्यांना."

अठरापगड जातींच्या माणसांनी भरलेल्या लॉरीत ती अंग चोरून बसली होती. मी तिच्या मुठीत होतो आणि तिची मूठ घामानं ओली झाली होती. संघ गेला असला तर? तिनं वाटेत देवीला किती वेळा हाक मारली, ते मी ऐकलं आहे.

पोचलो तेव्हा सामान बांधून झालं होतं. तिघांनी बापूच्या पाठीवर मला पसरून सह्या केल्या. रहमत खाँ मात्र टाक हातात घेऊन थबकला. त्यानं तिचं अलवण पाहिलं.

"माई, कागज पे कर दूँ? आपके यहाँ छुआछूत..."

"कपडेपेच करो, भिया," जानकीबाई म्हणाली. "हमारी पोरी कागद नहीं मानती."

पाठ द्यायला आता बापू नव्हता; तो खेळाडूंचा टांगा थांबवायला धावला होता. मग तिनं स्वतःचेच तळवे पुढे केले आणि त्यांवर मला ताणून धरलं. रहमत खाँनं बोटांनी माझी कड दाबली. दोघांच्या हातांमध्ये मी एकटाच होतो. टाक उजवीकडून डावीकडे सरकला आणि शाई माझ्यातून झिरपून तिच्या तळव्यावर उतरली.

धारला परतल्यावर कुसुमावतीनं आत्याच्या आंघोळीचं पाणी काढलं. जानकीबाई ओट्यावरच बसून राहिली.

"आधी तू टाके घाल," ती म्हणाली.

"आत्या, कालपासून पोटात काही नाही तुझ्या. आंघोळ कर, जेव."

"आणि रुमालाचं पुन्हा काही झालं म्हणजे? मग ही सही बघून टाके घालशील," असं म्हणून तिनं तळवा उघडून दाखवला. रहमत खाँची सही तिथे निळी उमटली होती.

कुसुमावती सुईत रेशीम ओवायला गेली, पण डोळे भरून आल्यामुळे तिला ते जमेना. जानकीबाई पाण्याला न शिवता, उपाशी, तळवा उघडा धरून संध्याकाळपर्यंत तिच्यासमोर बसून राहिली.

आज मी एका पेटीत आहे. घरातल्या मुलांना माझ्यावरची मोडी वाचता येत नाही, उर्दूही नाही. उद्या कुणी मला जुनं फडकं समजेल, ही धास्ती मला झोपू देत नाही. म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगतो. जुनं कापड पाण्यात टाकण्याआधी ते उलगडून पाहा, आणि ते कुणाचं आहे ते घरात विचारा. विचारायला कुणी उरलंच नसेल, तर कृपा करून ते तसंच राहू द्या.