ढिली फियाट

“हलवा भाऊ!” गाडीखालून लहानू मेकॅनिक ओरडला.

सोमाजींनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. टायर जागचे हलले नाहीत. त्यांनी आणखी थोडं फिरवलं, तेव्हा कुठे पुढची चाकं झोपेतून उठल्यासारखी वळली.

लहानू हसत बाहेर आला. “तुमी वळवता, अन् गाडी आधी इचार करते. जाऊ का नोको जाऊ.”

“वळते ना पण,” सोमाजी म्हणाले. “बैलाले घर माहीत रायते, तशी हाये हे.”

भद्रावतीच्या आयुध निर्माणीतून सोमाजी निवृत्त झाले, पण ही जुनी फियाट काही निवृत्त झाली नाही. तिचं कौतुक करावं तितकं थोडं, असं त्यांना वाटे. ऐकणाऱ्याला मात्र ते पुरे वाटे. स्टिअरिंग ढिलं होत गेलं तसे तेही त्याच्याशी जुळवून घेत गेले. वळण यायच्या आधीच हात वळवायचे, मग गाडी होडीसारखी सावकाश तिकडे जायची. त्यात त्यांना सुखच होतं. पण वडशाला दिलेल्या त्यांच्या लेकीनं, रिनानं, फोनवर खडसावलं होतं, की असल्या गाडीत मी नंदिनीला बसू देणार नाही. आणि सोमाजींनी तर नातीला शब्द देऊन ठेवलेला. या हिवाळ्यात झाडीपट्टीचं नाटक पाहायला तुला फियाटमधून नेईन. आता आली का पंचाईत! मुकाट्यानं त्यांनी गाडी लहानूच्या हवाली केली.

लहानूनं झिजलेले सांधे बदलले, स्टिअरिंगचा डबा खोलून कसला, आणि एका सकाळी तिघं ट्रायल घ्यायला निघाले. सोमाजी स्टिअरिंगवर, शेजारी शाल गुंडाळलेल्या त्यांच्या पत्नी कांताबाई, मागे लहानू.

जंगलाकडच्या रस्त्यावर दाट धुकं होतं. साग, ऐन, मोह एकेक करून त्यातून पुढे येत आणि गाडी जवळून गेली की परत आत जात. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याची घंटी ऐकू आली, तो मात्र बराच वेळ दिसलाच नाही. कांताबाईंना फार बरं वाटत होतं. असंच जात राहावं, वडसा आलं तरी थांबू नये, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं आणि त्या स्वतःशीच हसल्या.

मग सोमाजींच्या लक्षात आलं, गाडी सरळ जात नव्हती. अंगात हिव भरल्यासारखी ती डावी-उजवी बारीक थरथरत होती.

“काऊन रे लहानू? कसलं ना तू?”

“हवा कमीजास्त असन, भाऊ. थांबवा, मी पायतो.”

सोमाजी उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. लहानूनं गाडी पुढे नेली, धुक्यात दिसेनाशी केली आणि वळवून परत आणली. कांताबाई आतच बसल्या होत्या. गाडी दोरी धरल्यासारखी सरळ गेली होती आणि तशीच सरळ आली.

लहानू खाली उतरला. हात स्वच्छ होते, तरी तो ते फडक्याला पुसत राहिला.

“गाडी बरी हाये, भाऊ.”

सोमाजींनी उजवा हात समोर धरला. अंगठा आपल्याच नादात हलत होता.

कांताबाईंनी तो हात बरेच दिवस पाहिला होता. चहाचा ग्लास अर्धाच भरून मागायचे ते. थंडी वाजते म्हणायचे. मे महिन्यातही थंडीच म्हणाले, आणि कांताबाईंनी ती थंडीही मान्य केली होती. ढिल्या स्टिअरिंगनंही तेच केलं होतं. हाताची थरथर पोटात घातली होती, चाकांपर्यंत पोचू दिली नव्हती.

“लहानू,” सोमाजी हळू आवाजात म्हणाले, “पयल्यासारखं जरासं ढिलं करता येईन का?”

लहानूनं कांताबाईंकडे पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं. या माणसाला आजवर त्यांनी कशालाच नाही म्हटलं नव्हतं, आणि आज तर त्याच्यासाठी त्यांचा जीव तुटत होता.

“नाई,” त्या म्हणाल्या. “नंदिनी बसन ना गाडीत.”

फडकं खिशात कोंबत लहानू म्हणाला, “वडश्याले मी येतो, भाऊ. नाटक मलेबी पाहाचं हाये.”

सोमाजींनी मान हलवली. कांताबाई उतरून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. सोमाजी गाडीला वळसा घालून पुढच्या डाव्या दाराशी आले. त्यांनी हँडल ओढलं. दार उघडेना. पुन्हा ओढलं.

“हे कसं उघडते?”

“जरा वर उचला,” आतून कांताबाई म्हणाल्या. “मंग वढा.”

दार उघडलं. ते बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते मांड्यांवर ठेवले. लहानूनं स्टिअरिंगवर बसून गाडी पुढे काढली. धुकं आता विरत होतं. थोड्या वेळानं डावीकडच्या सागांमागून एक लांबलचक पाणी उघडं झालं. काठाशी कमळाची पानं, आणि त्यांच्यात न हलता उभे असलेले बगळे.

“हे तळं कवा झालं इथी?”

“लग्न होऊन आली तवापासून पाऊन राह्यली मी,” कांताबाई म्हणाल्या.

सोमाजींनी काच खाली केली.

“थांबव जरा,” ते लहानूला म्हणाले. “पाहू दे.”