चौथ्या वळणावरचं सोयाबीन

मित्रांनो, विमान उतरतं ती धावपट्टी मी नव्हे. तसं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. मी मोटारसायकलींच्या शर्यतीचा जुना ट्रॅक आहे. वर्ध्याहून अल्लीपूरकडे जाताना तारेच्या कुंपणाआड मी दिसतो, चांगला बारा वळणांचा. माझ्या पोटात काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हात भेगाळते, आणि तरी मी वरून गुळगुळीत दिसतो.

पहिली चार वर्षं काय माझा थाट होता! देशोदेशीचे स्वार येत. पाचव्या वर्षी वर्ध्याचा दुर्गेश सगळ्यांच्या पुढे असताना चौथ्या वळणावर पडला. मांडीचं हाड मोडलं. इथे जमीन खचली आहे, असं तो कळवळून सांगत राहिला, पण इंजिनियर प्रभाकररावांनी चौकशीत त्याचीच चूक ठरवली. मित्रांनो, चूक माझी होती. पण मला तोंड कुठे आहे? त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन नाही.

शर्यत दुसरीकडे गेली. दसऱ्याच्या सुमारास शेजारच्या शेतातली सुलोचना माझ्यावर सोयाबीन वाळवू लागली. आधी झाडायची, मग पसरायची, ऊन उतरलं की गोळा करायची. अशी नऊ वर्षं गेली.

यंदा बातमी आली, आंतरराष्ट्रीय शर्यत परत येणार. भेगा बुजल्या, पांढरे पट्टे आले. मला आनंद झाला आणि धडकीही भरली. चौथं वळण अजून तसंच होतं! ताडपत्री न्यायला आलेल्या सुलोचनेनं दुरुस्ती पाहणाऱ्या प्रभाकररावांना ते सांगितलं. ते म्हणाले, यंत्रानं मोजलंय, तुला तुझी जागा सोडवत नाही म्हणून बोलतेस.

ती घरी गेली आणि सूपभर सोयाबीन घेऊन आली. वळणाच्या वरच्या कडेला तिनं सूप रिकामं केलं. दाणे घरंगळत निघाले आणि मध्येच थबकले. तिथे त्यांचा ढीग झाला.

"साहेब, उतार खालच्या कडेले हाये. मंग दाने इथंच काऊन थांबते? नऊ वर्सं मी इथूनच गोळा करून राह्यली. जागा गेली तं जाऊ द्या. पन कोनाचं पोट्टं पडलं तं मले घास गोड नाई लागन."

प्रभाकरराव उकिडवे बसले. ढिगात बोट घातलं, ते दोन पेरं आत गेलं.

"दुर्गेश खरं बोलत होता," ते म्हणाले.

मग तिथे मला काळ्या मातीपर्यंत खणलं, मुरूम भरून रोलर फिरवला, वर नवं डांबर घातलं. दुर्गेशच्या घरी प्रभाकरराव स्वतः गेले. शर्यतीच्या दिवशी चौथ्या वळणावर झेंडा घेऊन तोच उभा होता, एका पायावर जास्त भार देऊन. सुलोचना कुंपणाबाहेर होती. शेवटची गाडी सुखरूप वळेपर्यंत तिनं हातातली तार सोडली नाही.

मित्रांनो, यंत्रानं जरूर मोजा. पण रोज झाडणाऱ्या बाईलाही एकदा विचारत जा. पाहुणे गेले, फाटकाला कुलूप लागलं. आता दसरा तोंडावर आलाय, सुलोचनेचं सोयाबीन कापून पडलंय आणि मला पुन्हा चैन पडत नाही. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कुणीतरी सांगा हो प्रभाकररावांना, तिच्यासाठी तेवढं फाटक उघडा.