जावयाची पाठ

चांद्याच्या नथ्थूशेठचा पोंभुर्ण्याच्या आखाड्यातल्या मुखरू उस्तादाला राग आला, तो त्याच्या नव्या कल्पनेमुळे नव्हे. ती आपल्याला आधी सुचली नाही म्हणून आला.

नथ्थूशेठ सागाच्या लाकडाचा ठेकेदार. नागपूरला हॉकीचे सामने पाहून आला आणि त्याच्या डोक्यात एकच भुंगा शिरला: हॉकीची टीम शहराची असते, मग कुस्ती एकट्यादुकट्या पैलवानाची का? सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात, धान घरात येतं न येतं तोच, त्यानं चार गावांचे चार संघ उभे केले. चांदा, गडचिरोली, मूल आणि पोंभुर्णा. प्रत्येक संघात पाच गडी, पाचही त्याच गावात राहणारे. ज्याच्या कुस्त्या जास्त, तो संघ विजयी. प्रत्येक संघाच्या फेट्याला आपला रंग आणि प्रत्येक संघाला एक धनी. चांद्याचा धनी नथ्थूशेठ स्वतः, गडचिरोलीचा तेंदूपत्त्याचा ठेकेदार, मूलचा भातगिरणीवाला. पोंभुर्ण्यात असा कोणी मातबर सापडेना, तेव्हा घरटी पायलीभर धान गोळा झालं आणि सगळं गावच आपल्या संघाचं धनी होऊन बसलं. असा मालक मिळाला की संघाचं काय होतं, ते मुखरूला विचारावं. वाटेनं जाणारी म्हातारीसुद्धा त्याला थांबवून सांगायची, "उस्ताद, सुकलूच्या मांडीत अजून दम नाई बरं."

पण हे टोमणे मुखरूला गोड लागत. त्याच्या आखाड्यात एकेकाळी तीस पोरं घुमत. मग कोणी बल्लारपूरला कामाला गेलं, कोणी जंगलच्या ठेक्यावर, आणि उरली सहा-सात. संघाची दवंडी पिटली त्या आठवड्यात चाळीस पोरं लंगोट कसून दारात उभी राहिली. पन्नाशीच्या मुखरूनं त्या रात्री बायकोला सांगितलं, की आता मेलो तरी चालते. बायको म्हणाली, आधी जेवून घ्या.

फक्त एक काटा होता. नथ्थूशेठच्या नियमानं तळाला राहणारा संघ बाद, आणि त्याची जागा ब्रह्मपुरीला. पोंभुर्णा चांद्याकडून हरलं, गडचिरोलीकडूनही हरलं. मूलचंही तेच झालं. आता या दोघांची गाठ उरली होती. जो हरेल तो घरी. पोंभुर्णा बाद झालं तर चांगली पोरं गाव सोडून चांद्याच्या संघाकडे जाणार, हे मुखरूला स्वच्छ दिसत होतं. तिथं रोजचं दूध होतं, बदाम होते. आखाडा पुन्हा ओस पडणार होता, आणि या खेपेला कायमचा.

सामना पोंभुर्ण्यात, बाजाराच्या दिवशी. मूलची मंडळी गिरणीच्या लॉरीतून उतरली, आणि तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे माहीत सगळ्यांनाच होतं, विचार कोणी केला नव्हता. पोंभुर्ण्याच्या निम्म्या लेकी मूलला दिलेल्या. मूलच्या पाच पैलवानांपैकी चौघे पोंभुर्ण्याचे जावई, आणि त्यांचा म्होरक्या लच्छू तर खुद्द मुखरूचा. त्याच्या कमळेचा नवरा.

जुन्या, कुस्त्यांच्या दंगलीत ही भानगड होत नसे. तिथं जोडी जागेवर लागायची, चार म्हातारे बसून लावायचे. कोण कोणाचा साळा, कोण कोणाचा जावई, हे त्यांना पाठ असायचं, आणि ते अशी जोडी गुपचूप टाळायचे. नथ्थूशेठनं मात्र जोड्या वजनावर लावल्या, कागदावर. कागदाला काय ठाऊक नातंगोतं?

जावई आले म्हटल्यावर गावानं गावासारखंच केलं. पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडले. कुस्तीआधी कोणी खीर खाऊ घालू नका, हे सांगत मुखरूला घरोघर फिरावं लागलं, आणि दोन घरी तो पोचेपर्यंत खीर होऊन गेली होती.

पहिली जोडी लागली. सुकलू हौदात उतरला, लाल माती हाताला चोळली, आणि समोर आपल्या चुलतबहिणीचा नवरा पाहून सवयीनं वाकून त्याच्या पायाच पडला. आपल्याकडे जावयाच्या पाया पडतात, त्यात नवल नाही. नवल पुढं झालं. हातात हात घेतला, दोन गिरक्या घेतल्या, आणि सुकलू स्वतःच अलगद पाठीवर निजला. चांद्याहून आलेला पंच डोळे चोळत राहिला. दुसरी जोडी रामाजीची. समोरचा त्याच्या घरचा जावई नव्हता, पण गावचा होता, आणि गावची लेक ती सगळ्यांची लेक. रामाजीही निजला, उलट सुकलूपेक्षा नीटनेटका.

दोन कुस्त्या गेल्या. आणखी एक गेली की संपलं.

मुखरू एक शब्द बोलला असता तर पोरं लढली असती. पण पोरांना हे शिकवलं कोणी? त्यानंच. जावयाची पाठ मातीला लागली की लेकीची मान सासरी खाली जाते, हे तो वीस वर्षं सांगत आला होता. भिंतीशी बायकांच्या घोळक्यात, नवऱ्याबरोबर आलेली कमळा बसली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आखाडा की लेक, असा प्रश्न कोणी बापाला विचारू नये.

पंचानं तिसऱ्या जोडीचं नाव पुकारलं. चैतू उठला. पण त्याच्या आधी मूलचा लच्छूच हौदात उतरला, फेटा काढून शेजारी ठेवला आणि मधोमध मांडी घालून बसला.

"मी रुसलो," तो म्हणाला.

पंचाला काही कळेना, बाकी सगळ्यांना कळलं. जावई रुसला की लग्नातली पंगतसुद्धा थांबते. तो मागेल ते दिल्याशिवाय सासऱ्याला सुटका नाही, मग तो घड्याळ मागो की दुभती म्हैस. मुखरू धोतर सावरत हौदाच्या काठाशी आला.

"जवाईबुवा, काऊन रुसले? का पायजे तुमाले? सायकल पायजे का?"

"सायकल नको, मामाजी." लच्छूचा चेहरा खरोखरच उतरला होता. "आमच्या गावानं महिनाभर घरोघरचं दूध पाजलं आमाले. ते का निजलेल्या मानसाच्या छातीवर बसासाठी पाजलं? घरी जाऊन का सांगू, पाव्हणचार जिंकून आणला म्हनून? माही मागणी आयका. तुमचा सगळ्यात भारी गडी जंगू, तो मले पायजे. अन् त्यानं, अन् बाकीच्याईनंबी, जीव लावून लढावं. हे तुमी तुमच्या तोंडानं सांगा. तोवर मी उठत नाई."

सगळं गाव मुखरूकडे पाहू लागलं. भिंतीशी कमळा उठून उभी राहिली. पदर तोंडावर होता, पण डोळे हसत होते.

"बाबा," ती म्हणाली, "जवाई रुसला तं द्या लागते. अन् माही मान तुमी नका सांभाळू. त्याईच्या पाठीले मी तेल लावून देईन."

बायका खळखळून हसल्या. मुखरू आपल्या गड्यांकडे वळला.

"जंगू," तो म्हणाला, "माह्या जवायाले पाड."

लच्छू उठला, फेटा झटकला आणि आनंदानं आपल्या गड्यांत जाऊन बसला.

मग जे झालं त्याला कुस्ती म्हणावं. चैतूनं पट काढून समोरच्याला दोन मिनिटांत चितपट केलं. चौथ्या जोडीत लालसूसमोर गावचा तिसरा जावई होता. लालसू आधी त्याच्या पाया पडला, मग त्याला उचलून आपटला. दोन-दोन झाले. राहिले जंगू आणि लच्छू.

जंगू गावाला लागून असलेल्या पाड्यावरचा, गोंडाचा पोरगा. रोज पहाटे मोहाच्या झाडाखाली हजार बैठका मारणारा, बोलणं मोजकंच. लच्छू वजनानं थोडा जड, आणि आज अंगात वारं भरलेला. दोघं भिडले ते वीस मिनिटं सुटले नाहीत. लच्छूनं जंगूला दोनदा खाली घेतला, दोन्ही वेळा जंगू निसटला. मुखरू ओरडत होता. पुढं लोकांनी त्याला सांगितलं, की तू "दाब, दाब" म्हणत होतास खरा, पण कधी जंगूला, कधी लच्छूला. त्याला ते पटलंही. शेवटी लच्छूनं मानेवर भार टाकला, तोच जंगू अंग चोरून खाली बसला, कमरेत हात घालून वळला, आणि लच्छूची पाठ लाल मातीत अख्खी उमटली.

सगळे मुखरूचं तोंड पाहत होते. पहिली टाळी कमळेनं वाजवली.

मग ढोल सुरू झाले आणि बाजारच आखाड्यात आला. पोंभुर्णा राहिलं. मुखरू रडत होता, आणि लाज न वाटता रडत होता. इतका आनंद त्याला स्वतः दंगली मारल्या तेव्हाही झाला नव्हता. संध्याकाळी जावयांना खीर वाढली, ती कोणी मोजली नाही. कमळेनं बोलल्याप्रमाणे तेल लावून दिलं. लच्छू कण्हत होता आणि जंगूची तारीफ करत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुखरू आखाड्यावर गेला तर चाळीसच्या चाळीस पोरं हजर. हौदातली माती खोदून, भुसभुशीत करून घेण्याची वेळ होती. पोरांच्या मागं, कोपऱ्यात, एक जडसा गडी लंगोट कसून उभा होता. लच्छू.

"मामाजी," तो म्हणाला, "जंगूनं शेवटी जे केलं, ते मले शिकवा. सालभर थांबा लागलं तरी मूलच्या संघाले परत खेळात याचं हाय."

मुखरूचा हात सवयीनं पाट शोधायला वळला. मग तो थांबला. जावयाकडे त्यानं आखाड्यात आलेल्या कुठल्याही नव्या पोराकडे पाहावं तसं, पायापासून डोक्यापर्यंत, एकदा नीट पाहून घेतलं. छाती आनंदानं भरून आली होती, पण आवाज त्यानं चांगला करडा काढला.

"मंग उभा काऊन राह्यला? फावडं घे, माती खोद."