चिइक म्हणतो

मी चिइक बोलतोय. खरं तर पहिल्यांदाच; आजवर माझ्या नावाने माणसंच बोलत आली. लांब नाक, शेपटीवर कड्यांसारखे पट्टे, मांजराहून थोडा मोठा. मुंगूस पाहिलं असेल तर अंदाज येईल. डावा डोळा आता गेलाय, दातही फारसे उरले नाहीत.

युकातानच्या सपाट रानात, एका मक्याच्या शेतात माझी आई मारली गेली. ती कणसं खात होती, तेव्हा तक्रारीला जागा नाही. ज्याने बंदूक चालवली त्याच सातुर्निनोने मला सदऱ्यात गुंडाळून घरी आणलं. त्याची बायको पेत्रोना म्हणाली, "आणखी एक खाणारं तोंड. आणि नाक तर तुमच्यापेक्षाही लांब." तरी चुलीजवळ जागा तिनेच दिली.

आमच्या गावच्या जत्रेत रानातून सावरीचं झाड तोडून आणतात आणि मैदानात उभं करतात. एक माणूस चिइकचं, म्हणजे माझंच, सोंग घेऊन त्यावर चढतो. ते काम सातुर्निनोचं. मला कमरेला बांधून तो वर न्यायचा, माझ्या तोंडाशी कान लावायचा आणि घराघरातलं बाहेर काढायचा.

"चिइक म्हणतो, क्रिसान्तामावशी, तुमच्या कालवणात घेवडा शोधायला त्याला पोहावं लागलं."

माणसं हसायची. तो त्यांच्यावर भोपळ्याच्या बियांची पूड उधळायचा. शेवटचा नंबर नेहमी पेत्रोनाचा.

"चिइक म्हणतो, ही घोरायला लागली की शेजारच्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात."

ती खालून चप्पल दाखवायची.

मी कधी कुणाची चहाडी केली नाही. अकरा वर्षं फांदी धरून बसलो, इतकंच. दमायला तेवढंही पुरतं.

मागच्या वर्षी सातुर्निनो तापाने गेला. त्यानंतर लोक पेत्रोनाशी हळू आवाजात बोलू लागले. ती विहिरीवर गेली की तिथलं हसणं थांबायचं. घागर खाली ठेवून ती मला म्हणायची, "मेला तो. मी नाही." उत्तर द्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

यंदा झाडावर सातुर्निनोचा धाकटा भाऊ बासिलियो चढला. कमरेला लटकणं मला आता झेपत नव्हतं, म्हणून त्याने खांद्यावर घेतलं. एकेकाची खोड काढत तो पेत्रोनापर्यंत आला आणि तिला ओलांडून पुढच्या बाईकडे वळला. गावाला ते बरोबरच वाटलं. नवरा गेलेल्या बाईची थट्टा कोण करणार?

पेत्रोना उभी राहिली.

"बासिलियो, माझ्या घरचं काही नाही का सांगितलं त्याने?"

"वहिनी, यंदा राहू दे."

"का? चूल विझली माझी? की तुला ऐकू येईनासं झालं?"

बासिलियोने माझ्या तोंडाशी कान आणला. मी नेहमीसारखाच काही बोललो नाही.

"चिइक म्हणतो, वहिनी अजून दोघांच्या भाकऱ्या थापते. दुसऱ्याच्या वाट्याच्या याला खाव्या लागतात. पोट बघा. वर चढवताना माझी कंबर मोडली."

कुणी हसेना. मग पेत्रोनाच हसली, शालीचं टोक तोंडाशी धरून.

"मग काय, फेकून देऊ?" ती म्हणाली. "ये तू जेवायला."

क्रिसान्तामावशी हसली, आणि मग सगळं मैदान. बियांची पूड पेत्रोनाच्या काळ्या शालीवर पडली. तिने ती झटकली नाही.

बासिलियोला ते कुठून कळलं, मला ठाऊक नाही. पण खरं होतं.

आता मी चुलीपासून फारसा हलत नाही. पेत्रोना भाकरी पाण्यात कुस्करून पुढे ठेवते, तीही अर्धी उरते. पुढच्या जत्रेला मी नसेन. माझ्या जागी कुणालाही बांधा; कोंबडा बांधा, चालेल. फक्त तिला ओलांडून पुढे जाऊ नका.